पायडलावरचें पाऊल

सायकल शिकवितांना आपण मुलांना काय काय सांगतों, तें वाचकांनीं एकदां आठवून पाहावें. समोर बघ, हँडल आवळून धरूं नको, घंटी वाजव, डाव्या बाजूनें जा, ब्रेक हळू दाब. हातांना, डोळ्यांना आणि मानेला भरपूर उपदेश होतो. पायांच्या वाट्याला मात्र एकच आज्ञा येते : "मार पायडल!" पाऊल पायडलावर कोठें टेकावें, गुडघा किती वांकावा, टाच कशी असावी, हें कोणी सांगत नाहीं, कारण सांगणाऱ्यालाही तें कधीं कोणी सांगितलेलें नसतें. आणि सायकल चालविण्याचें सारें काम तर पायांनींच करावयाचें! हात केवळ दिशा दाखवितात.

ही उपेक्षा निरुपद्रवी असती तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. परंतु आमच्या रत्नागिरींत एक प्रकार आम्हीं वारंवार पाहिला आहे. घरांत हौसेनें सायकल येते; सहा महिने, वर्षभर फिरते; मग कोणाचा तरी गुडघा दुखूं लागतो. "सायकलनें गुडघे झिजतात" असा निवाडा माजघरांत होतो आणि सायकल पडवीच्या कोपऱ्यांत नारळाच्या सोडणांशेजारीं जाऊन उभी राहते. तिच्या जागीं स्कूटर येते. मग शाळेंत जाणारी मुलगी, भाजीला जाणारी वहिनी आणि कचेरींत जाणारा भाऊ, सारींच पेट्रोलवर चालूं लागतात. वस्तुतः अपराध सायकलचा नसतो आणि गुडघ्याचाही नसतो. तो बहुधा सीटच्या उंचीचा असतो. आणि सीटखालचा एक बोल्ट सैल करण्याचा कंटाळा, हें त्याचें मूळ असतें.

सायकलच्या इतिहासांत पायाला एके काळीं मोठा मान होता. १८७० नंतर विलायतेंत जी उंच चाकाची सायकल चाले, तिचीं पायडलें पुढच्या चाकाच्याच आंसाला जोडलेलीं असत. चाक जितकें मोठें, तितकी एका फेऱ्यांत वाट अधिक सरे. पण चाकाच्या तळापर्यंत पाय तर पोंचला पाहिजे! म्हणून गिऱ्हाइकाच्या पायाची लांबी पाहूनच त्याला चाकाचें माप देत. शिंप्याकडे अंगरखा बेतावा, तशी सायकल पायावर बेतली जाई. १८८५ सालीं जॉन केम्प स्टार्ले यानें 'रोव्हर' सायकल काढली. तिचीं दोन्ही चाकें बेताचीं होतीं, आणि पायडलांचा जोर चेनमधून मागच्या चाकाला मिळे. १८८८ सालीं डनलॉपचें हवा भरलेलें टायर आलें आणि सायकल सर्वांची झाली. चेनमुळें चाकाच्या उंचीचा पायाच्या लांबीशीं असलेला संबंध तुटला. पाय मोकळा झाला, आणि त्याबरोबर तो विसरलाही गेला. सीट वर-खालीं करण्याची सोय राहिली खरी. पण सोय असणें आणि ती वापरणें या भिन्न गोष्टी आहेत.

त्याच १८८८ सालापासून बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंचा सायकलींचा व्यवसाय धरला जातो. धाकटे लक्ष्मणराव मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि वडील बंधु रामूअण्णा त्या बेळगांवांत विकीत. शिवाय सायकल चालविण्यास शिकवीत आणि त्याचे १५ रुपये घेत. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. नांगर आणि कारखाने पुढचे. या उद्योगाचा आरंभ दोन चाकांवर झाला, हें मराठी वाचकांना ठाऊक आहेच. आम्हांला त्यांत विशेष वाटतें तें हें, कीं विकणें आणि चालविण्यास शिकविणें हीं दोन्ही कामें एकाच दुकानानें आपलीं मानलीं. आजचा बहुतेक दुकानदार सायकल विकतो, हवा भरून देतो आणि सीटवर बसलेल्या गिऱ्हाइकाचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले पाहून "अगदीं मापांत आहे" म्हणतो.

येथेंच घोटाळा आहे. दोन्ही तळवे जमिनीला टेकणें ही खुर्चीची परीक्षा झाली, सायकलची नव्हे.

आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना याचें कारण वेगळें सांगावें लागत नाहीं. जमिनीलगतच्या पाटावरून उठणें आणि खुर्चीवरून उठणें, यांतला भेद त्यांच्या गुडघ्यांना नित्य कळतो. पाटावर गुडघा पुरता दुमडलेला असतो आणि अशा दुमडलेल्या गुडघ्यावर जोर द्यावयाचा असतो. त्या वेळीं गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरानें दाबली जाते. खुर्चीवर गुडघा कमी वांकतो, म्हणून दाबही कमी. सीट बुटकी ठेवून सायकल चालविणारा मनुष्य पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला पाटावरून उठत असतो. मिनिटाला ७० फेरे धरले आणि शाळेला जाण्यायेण्यास ४० मिनिटें धरलीं, तर प्रत्येक गुडघा दिवसाला २,८०० वेळां वांकतो. वर्षांत शाळेचे २०० दिवस धरले, तर ५ लक्ष ६० हजार वेळां! इतक्या वेळां केलेली लहानशी चूक लहान राहत नाहीं.

सीटची उंची ठरविण्याची सोपी रीत अशी. सायकल भिंतीशीं उभी करावी, किंवा घरांतल्या कोणीतरी मागून धरावी. बसणाऱ्यानें नेहमींचें पायताण घालूनच सीटवर सरळ बसावें. एक पायडल अशा ठिकाणीं आणावें कीं तें सीटपासून सर्वांत दूर असेल, आणि त्यावर टाच ठेवावी. टाच ठेवली असतां पाय सरळ झाला, पण त्यासाठीं कंबर एका अंगाला झुकवावी लागली नाहीं, म्हणजे उंची जमली. आतां टाचेऐवजीं चवडा पायडलावर ठेवला कीं गुडघा आपोआप थोडा वांकतो. हा वांक सरळ पायापासून सुमारें २५ ते ३५ अंशांचा असावा, असें तज्ज्ञ मानतात. प्रत्येक घरीं कोनमापक असेल असें नाहीं; टाच मात्र सर्वांजवळ आहे.

ज्यांना आंकड्यांवाचून समाधान नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरी रीत. हॅम्ले आणि थॉमस या दोघां संशोधकांनीं १९६७ सालीं असें दाखविलें, कीं पायाच्या आंतल्या बाजूच्या लांबीच्या १०९ टक्के इतकें अंतर पायडलापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवलें, तर त्याच श्रमांत काम अधिक होतें. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभें राहावें, मांड्यांच्या मध्यें एखादें जाड पुस्तक वर घट्ट ओढून धरावें (पंचांगाचा येथें उपयोग नाहीं, तें फार पातळ) आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावें. तें अंतर ७५ सेंटीमीटर भरलें, तर सीट पायडलापासून सुमारें ८२ सेंटीमीटर असावी. मात्र हें माप सराव असलेल्या स्वारांचें आहे. ज्यांना नुसतें बाजारांत जावयाचें आहे, त्यांनीं एक-दोन सेंटीमीटर कमी ठेवून आरंभ करावा.

पतंजलींनीं आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य आणि सुख या दोहोंचा एकत्र उल्लेख केला आहे. त्यांच्यासमोर अर्थात् सायकल नव्हती. पण कसोटी येथेंही तीच लागते. सीट बुटकी असली कीं जमीन जवळ वाटते आणि मन स्थिर राहतें, पण गुडघ्याला सुख नाहीं. ती फार उंच असली कीं पाय लांब पोंचतो, पण कंबर दोन्ही बाजूंना डुलूं लागते आणि स्थैर्य जातें.

आतां पाऊल. पुष्कळ लोक पायडल तळव्याच्या मध्यावर, कमानीखालीं घेतात. कांहीं तर टाचेनेंच ढकलतात. टाचेनें ढकललें म्हणजे घोटा आणि पोटरी कामांतून बाद होतात व सारा भार गुडघ्यावर आणि मांडीवर पडतो. पाऊल असें ठेवावें, कीं अंगठ्याच्या मुळाशीं जो उंचवटा आहे तो पायडलाच्या आंसावर किंवा त्याच्या किंचित् पुढें येईल. चालतांना टाच उचलल्यावर शरीराचा भार ज्या चवड्यावर येतो, तोच हा चवडा. लांबच्या प्रवासांत कांहींजण पाऊल थोडें पुढें सरकवितात. पोटरी थकली असेल तर त्यांत कांहीं वावगें नाहीं. पण बोटांच्या टोकांनीं पायडल मारणें मात्र टाळावें. त्यानें तळव्याला आग होते आणि पोटऱ्या भरून येतात.

टाचेविषयीं जुन्या इंग्रजी पुस्तकांत एक मोठें प्रकरण असे. पायडल वर असतां टाच खालीं दाबावी, खालीं आलें कीं बोटें खालीं करून मागें ओढावें, असा घोट्याचा व्यायामच सांगितलेला असे. अलीकडे हें मत मागें पडलें आहे. घोटा सैल ठेवावा, पाऊल जवळजवळ आडवें असावें, खालीं येतांना टाच बोटांहून थोडी वर राहिली तर राहूं द्यावी. सीट योग्य उंचीवर असली कीं घोटा आपलें काम न सांगतां करतो. ज्याची टाच दर फेऱ्याला फार वर जाते, त्याची सीट उंच आहे एवढेंच समजावें.

पाऊल नाकासमोर सरळ असावें कीं थोडें बाहेर वळलेलें? येथें सर्वांना एकच नियम लावणें आम्हांला मान्य नाहीं. विहिरीवरून किंवा न्हाणीघरांतून ओल्या पायांनीं ओटीवर चालत यावें आणि मागें वळून आपलीं पाउलें पाहावीं. कोणाचीं सरळ उमटतात, कोणाचीं थोडीं बाहेर फांकलेलीं, कोणाचीं किंचित् आंत. ज्याचें पाऊल जमिनीवर जसें पडतें, तसेंच तें पायडलावर पडूं द्यावें. बळानें सरळ केलेलें पाऊल गुडघ्याला पीळ देतें. पहावयाचें तें गुडघ्याकडे. तो पावलाच्या वर सरळ रेषेंत खालीं-वर गेला पाहिजे. दोन्ही गुडघे बेडकासारखे बाहेर फांकून चाललेले सायकलस्वार रस्त्यांत पुष्कळ दिसतात; ती बहुधा लकब नव्हे, बुटक्या सीटवर दुमडलेल्या पायांनीं शोधलेली पळवाट आहे.

सीट पुढें-मागेंही सरकते, हें तर कित्येकांना ठाऊकच नसतें. पायडलें जमिनीशीं समांतर असतां पुढच्या पायाच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडावा; ओळंबा घरांत नसेल तर दोऱ्याला एखादा जड खिळा बांधला तरी चालतो. तो पायडलाच्या आंसाजवळून गेला, म्हणजे ठीक. हा केवळ अंदाज आहे, शास्त्रवचन नव्हे. पण सीट फार पुढें असेल तर दोरा पायडलाच्या पुढें पडतो आणि गुडघ्याच्या तक्रारीचें कारण सांपडतें.

दुखण्याची जागाही पुष्कळ सांगते. वाटीच्या आसपास किंवा पुढच्या बाजूस दुखत असेल, तर सीट बुटकी असण्याचा संभव मोठा. गुडघ्याच्या मागच्या बाजूस ओढ लागत असेल, तर ती उंच असावी. सूज आली, रात्रीं स्वस्थ पडल्यावरही ठणका लागला किंवा गुडघा अडकूं लागला, तर मात्र पाना ठेवून डॉक्टरांकडे जावें.

गुडघे सायकलनें झिजतात असें म्हणणाऱ्यांना आम्ही नाशिकच्या महाजन बंधूंचें उदाहरण देतों. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या दोघांनीं २०१५ सालीं 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघानें नऊ दिवसांच्या आंत पुरी केली. तेवढें सामर्थ्य सर्वांत कोठून असणार? परंतु असल्या शर्यतींत उतरणारे लोक सीट आणि पाऊल यांचीं मापें मिलिमीटरांत ठरवून घेतात, एवढें तरी आपण त्यांच्यापासून घेण्यासारखें आहे. उतारवयांत गुडघे कुरकुरूं लागल्यावर डॉक्टर पुष्कळांना सायकल सुचवितात, तेंही याच कारणानें : शरीराचा भार सीट उचलते आणि गुडघा भाराविना हलता राहतो. अर्थात् सीट ठीक असेल तर.

आमच्या गांवाची जमीनही विचारांत घेतली पाहिजे. मांडवीच्या किनाऱ्याहून मारुती मंदिराकडे निघालें कीं चढ लागतो. आरे-वारेवरून गणपतिपुळ्याला जावें तर समुद्र एकीकडे आणि चढउतार पायांखालीं. चढावर दांत-ओठ खाऊन मिनिटाला तीस-चाळीस फेरे मारण्यांत पुष्कळांना पुरुषार्थ वाटतो. गुडघ्यावर सर्वांत अधिक भार पडतो तो तेव्हांच. गिअरची सायकल असेल तर चढ लागण्यापूर्वींच हलका गिअर घ्यावा आणि पाय मिनिटाला ६० ते ८० फेऱ्यांच्या चालीनें फिरता ठेवावा. साधी सायकल असेल तर उतरावें आणि हातीं धरून चढ चढावा. त्यांत कमीपणा कसला? पावसाळ्यांत गुळगुळीत रबराच्या पायडलावरून ओला तळवा सटकतो, म्हणून खांचांचें पायडल आणि मागें पट्टा असलेलें पायताण बरें. पायडलाच्या दांड्याची काटरपिन सैल झालेली असेल, तर दर फेऱ्याला गुडघ्याला हिसका बसतो. ती आधीं ठोकून किंवा बदलून घ्यावी.

मुलांच्या बाबतींत आमची एक कायमची तक्रार आहे. अंगरखा वाढत्या अंगाचा शिवावा ही आपली जुनी काटकसर. पण ती सायकलला लावूं नये. दहा वर्षांच्या मुलाला मोठी सायकल घेऊन देतात आणि "दोन वर्षांत पुरेल" म्हणतात. आमच्या पिढींतलीं मुलें तर दांडीखालून पाय घालून कैची चालवीत. तो नाइलाज होता, त्याचें कौतुक करण्याचें कारण नाहीं. उलट, मूल वाढतें आणि सीट मात्र दुकानदारानें दिली तेथेंच राहते, हें अधिक आढळतें. आमची पुतणी आठवींत असतां तिचा उजवा गुडघा दुखूं लागला. सायकल विकावयाची असें ठरतही आलें होतें. सीट पाहिली तर सहावींत असतां बसविली होती तेथेंच! दोन वर्षांत मुलगी वीतभर वाढली होती.

"काका, सीट वर केली तर माझे पाय टेकणार नाहींत. मी पडेन ना!" ती म्हणाली.

"सीटवर बसून थांबावयाचेंच नाहीं. थांबतांना पुढें सरक, सीट सोड, मग पाय टेक. निघतांना एक पायडल वर घे, त्यावर उभी राहा, आणि मग बस."

ही थांबण्या-निघण्याची रीत हीच सर्व प्रकरणाची गुरुकिल्ली आहे. लोक सीट बुटकी ठेवतात तें भीतीनें, आणि ती भीति रास्त आहे. कारण त्यांना उतरावयास कोणी शिकविलेलें नसतें. नवशिक्यानें आरंभीं सीट खालींच ठेवावी. तोल सांवरूं लागला कीं दर आठवड्याला एक-एक बोट वर करावी, आणि प्रत्येक वेळीं अंगणांत वीस वेळां चढावें, वीस वेळां उतरावें. आमच्या पुतणीची सीट याप्रमाणें चार बोटें वर गेली. गुडघ्याचें दुखणें महिन्याभरांत थांबलें आणि ती सायकलवरूनच शाळेंत जात राहिली. तें पाहून आमच्या वहिनींनीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, विचारलें, "भाऊजी, मला जमेल का हो?" त्यांना जमलें. त्या आतां सकाळीं भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन येतात.

परंतु येथें एकत्र कुटुंबाची खरी अडचण उभी राहते. सायकल एक, चालविणारे तीन. पुतणी, वहिनी आणि आमचे धाकटे बंधु यांच्या पायांत बराच फरक आहे. अशा घरांत सीट सर्वांच्या सोयीसाठीं म्हणून मध्येंच कोठेंतरी ठेवतात, आणि ती कोणाच्याच सोयीची नसते. शिवाय आमच्या किनाऱ्याची खारी हवा! सीटचा दांडा नळींत गंजून असा चिकटतो, कीं दोन पावसाळे न हलविलेली सीट बोल्ट काढला तरी जागची हलत नाहीं. कोंकणांतल्या कित्येक सीटी बुटक्या राहतात त्या मतामुळें नव्हे, गंजामुळें! अशा वेळीं सांध्यांत पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावें आणि सकाळीं सीट डावीउजवीकडे पिळून सोडवावी. हातोडा मारूं नये. दांड्यावर जी कमाल उंचीची रेघ असते, ती नळीच्या बाहेर दिसेल इतका तो कधींही वर काढूं नये.

आम्हीं घरीं बांबूची एक चीप करून ठेवली आहे. नळीच्या तोंडापासून सीटच्या बुडापर्यंत ती उभी धरावयाची. तिच्यावर चाकूनें तीन खांचा पाडल्या आहेत, एक पुतणीची, एक वहिनींची, एक बंधूंची. बोल्टाऐवजीं दुकानांतून हातानें फिरवावयाची कळ बसवून घेतली, म्हणून पान्याचेंही काम उरलें नाहीं; सीट बदलण्यास अर्धें मिनिट लागतें. पुतणीची खांच दर सहा महिन्यांनीं नवी पाडावी लागते. आणि मृगाच्या आधीं एकदां दांडा पुरता बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावयाचा. हें काम आमच्याकडे आहे.